आत्याच्या रक्तातील एनएलआर 6.75 आला आहे. आजाराच्या पुढील वाटचालीबद्दल यातून काय समजावे?

प्रश्न
अर्जुनाकाठ, राजापूर

नमस्कार. माझ्या आत्याला (वय 61, वजन 44 किलो) मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे फेब्रुवारीत निदान झाले आणि मार्चमध्ये मुंबईला तिची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागाच्या तपासणीत दोन लसिका ग्रंथींमध्ये रोग सापडल्यामुळे तिसरा टप्पा असल्याचे सांगण्यात आले. मे महिन्यापासून केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी एकदा शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन देतात आणि त्याबरोबर 14 दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात. केमोसाठी आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत येतो. चौथी सायकल 10 जुलैला झाली.

घरी परतल्यावर तिला फार थकवा आला, म्हणून 13 जुलैला गावातील डॉक्टरांनी रक्ततपासणी करून घेतली. तो अहवाल मी माझ्या चुलतभावाला पाठवला. त्याने पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांपैकी न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागून एनएलआर नावाचा आकडा काढला आणि तो 4 च्या वर गेला तर कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य कमी असते, असे एका लेखाच्या आधारे मला कळवले. तेव्हापासून माझे कशातही लक्ष लागत नाही. जुने अहवाल काढून मी पुढील आकडे जुळवले आहेत.

मार्च, शस्त्रक्रियेपूर्वी, मुंबई: न्यूट्रोफिल 74, लिम्फोसाइट 17, म्हणजे एनएलआर 4.35. सीआरपी (अंगात दाह, म्हणजे सूज, असल्यास वाढणारे प्रथिन) 2.8, अल्ब्युमिन (यकृतात बनणारे रक्तातील प्रथिन) 3.3, प्लेटलेट 4,60,000.
एप्रिल, शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी: न्यूट्रोफिल 66, लिम्फोसाइट 25, म्हणजे 2.64. सीआरपी केलेले नाही.
13 जुलै, राजापूर: न्यूट्रोफिल 81, लिम्फोसाइट 12, म्हणजे 6.75. सीआरपी 11, अल्ब्युमिन 3.6, प्लेटलेट 1,70,000.

सीआरपी चौपट झाले आहे आणि एनएलआर शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही वर गेला आहे. रोग पुन्हा डोके वर काढत असल्याची ही खूण आहे का? गणपतीला मुंबईचे सगळे घरी येतील आणि तेव्हा आत्याच्या तब्येतीविषयी मलाच विचारतील, कारण कागदपत्रे माझ्याकडे असतात. आत्या स्वतः काही विचारत नाही, पण मी अहवाल उघडला की माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहते. जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर 1
वाशिष्ठी, चिपळूण

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आपण आकडे तारखांसह लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळेच यातल्या दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या.

पहिली गोष्ट एककाची. सीआरपी काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये छापतात आणि काही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात, म्हणून पहिल्या पद्धतीतला 2.8 हा दुसऱ्या पद्धतीत 28 होतो. मार्चचा अहवाल उघडून आकड्याच्या पुढचे बारीक अक्षर आणि शेजारच्या रकान्यातील सामान्य मर्यादा पाहा. तिथे मर्यादा 0.5 च्या आसपास लिहिली असेल आणि राजापूरच्या अहवालात ती 5 किंवा 6 असेल, तर आपल्या आत्याचे सीआरपी 2.8 वरून 11 वर चढलेले नसून 28 वरून 11 वर उतरलेले आहे. अल्ब्युमिन 3.3 वरून 3.6 झाले आहे, त्यामुळे मला हीच शक्यता अधिक वाटते. दाहाच्या काळात यकृत सीआरपी वाढवते आणि अल्ब्युमिन कमी करते, त्यामुळे या दोन आकड्यांची दिशा सहसा एकमेकांच्या उलट असते.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या दिवसाची. आपण केमो दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी रक्त दिले आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन देताना उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात आणि पुष्कळदा पुढचे दोनतीन दिवस त्याच्या गोळ्याही असतात. स्टेरॉइड पोटात गेले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतूनही त्या अधिक बाहेर पडतात, आणि त्याच वेळी लिम्फोसाइट पेशी रक्तातून निघून प्लीहेत व अस्थिमज्जेत जाऊन राहतात. भागाकारातला वरचा आकडा वाढतो आणि खालचा घटतो. अशा दिवशी काढलेल्या एनएलआरवरून रोगाविषयी काहीही ठरवता येणार नाही. तेव्हा आत्याबाईंना त्या दिवसांत कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहून इथे लिहा. पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिमसारखे इंजेक्शन दिले होते का, तेही पाहा, कारण त्यानेही न्यूट्रोफिल बरेच वाढतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. चुलतभावाने वाचलेली माहिती निराधार नाही, आणि ती उडवून लावणे योग्य होणार नाही. कर्करोगाच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरखो यांनी 1863 मध्येच नोंदवले होते, आणि 1986 मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीही न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती. ही उपमा मला फार नेमकी वाटते. जखम झाली की शरीर तिथे दाह निर्माण करते, नव्या रक्तवाहिन्या आणते, पेशी वाढवते आणि काम संपले की सर्व आवरते. गाठीच्या ठिकाणी हे आवरणेच होत नाही. गाठीतून आणि तिच्या भोवतीच्या पेशींतून इंटरल्युकिन-6 सारखे निरोप, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेशवाहक रसायने, रक्तात जात राहतात. ते यकृताला पोचले की सीआरपी वाढते आणि अल्ब्युमिन घटते. याच जातीचे इतर निरोप अस्थिमज्जेला पोचले की न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट अधिक तयार होतात. यातले काही न्यूट्रोफिल गाठीला रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि तिच्यावर चालून येणाऱ्या लिम्फोसाइटना अडवतात. म्हणजे एनएलआर हा एका साध्या भागाकारात दोन बाजूंचे बळ सांगणारा आकडा आहे, आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कोणत्याही अहवालातून तो फुकट मिळतो, म्हणून त्यावर इतके संशोधन झाले.

2014 मध्ये अशा 100 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 40,559 रुग्ण होते. अभ्यासांमध्ये वापरलेल्या सीमारेषांची मध्यमा (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 4 होती. चुलतभावाच्या लेखातील 4 हा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. सीमारेषेच्या वर असलेल्या गटात मृत्यूचा धोका खालच्या गटाच्या 1.81 पट आढळला. हा आकडा कसा वाचायचा ते नीट समजून घ्या, कारण घरोघरी घबराट इथूनच सुरू होते. 1.81 पट याचा अर्थ शंभरातील ऐंशी रुग्ण दगावतात असा मुळीच नाही. खालच्या गटाचा धोका जेवढा असेल त्याच्या तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक असतो, आणि खालच्या गटाचा धोका हा रोग कोणता, टप्पा कोणता, गाठ पूर्ण निघाली की नाही, यावर ठरतो. शिवाय सीमारेषा एक नव्हती. कोणी 2.5 धरली, कोणी 5, आणि बऱ्याच अभ्यासांत ती आपल्याच रुग्णांचे निकाल पाहून मागाहून ठरवली गेली. अशाने संबंध असतो त्याहून ठळक दिसू लागतो. संबंध खरा आहे, एवढे मी खात्रीने म्हणेन. एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावर त्याचे ओझे टाकावे इतका तो घट्ट नाही.

सीआरपी आणि अल्ब्युमिन यांच्यावर आधारलेली ग्लासगो गुणांकन पद्धत मला एनएलआरपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. ग्लासगोच्या संशोधकांनी 2003 मध्ये शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात ती मांडली आणि पुढे ती इतर अनेक कर्करोगांत तपासली गेली. सीआरपी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन डेसिलिटरमागे 3.5 ग्रॅमच्या खाली असेल तर एक गुण; गुण जितके जास्त तितका धोका जास्त. मार्चमध्ये आत्याबाईंचे सीआरपी खरोखर 28 असेल तर तेव्हा दोन गुण होते. जुलैच्या आकड्यांवरून एक होतो, तोही 11 म्हणजे सीमेला जेमतेम ओलांडून. मार्चमधल्या 4,60,000 प्लेटलेटही त्याच चित्रात बसतात, मात्र आतड्याच्या गाठीतून रक्त झिरपून लोह कमी झाले तरी प्लेटलेट वाढतात हे ध्यानात असू द्या.

शेवटी एक भेद सांगतो, जो लेखांमध्ये बहुधा पुसला जातो. काही तपासण्या रोग कसा वागेल याचा अंदाज देतात आणि काही तपासण्या कोणते औषध लागू पडेल ते सांगतात. स्तनाच्या कर्करोगातील हर-2 ही दुसऱ्या प्रकारची तपासणी आहे, तिच्यावरून औषध बदलते. एनएलआर पहिल्या प्रकारात मोडतो. आतड्याच्या कर्करोगात केमो द्यायची की नाही आणि किती द्यायची, हे गाठ किती खोल गेली होती आणि किती ग्रंथींत रोग होता यावर ठरते. एनएलआर वाढला म्हणून कोणी औषध बदलत नाही. काही रोगांमध्ये दाहाचे आकडे अधिकृत गुणांकनात बसलेले आहेत. हॉजकिन लिम्फोमाच्या सुरुवातीच्या टप्प्यात ईएसआर 50 किंवा त्याहून अधिक असणे, आणि ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे ही लक्षणे असतील तर 30 किंवा त्याहून अधिक असणे, हे प्रतिकूल मानले जाते. पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या 2009 च्या गुणांकनात वाढलेले न्यूट्रोफिल आणि वाढलेल्या प्लेटलेट यांना प्रत्येकी एक गुण आहे. मात्र आत्याबाईंचा रोग त्यांपैकी नाही.

उत्तर 2
कर्लीखाडी, कुडाळ

मी गेली सोळा वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टींत मोजणीच्या बाजूने थोडी भर घालतो.

अहवालातील टक्केवारी यंत्राने दिलेली आहे की काचपट्टीवर मोजलेली आहे, ते पाहा. छोट्या प्रयोगशाळांमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळीतला एक थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजतात. डाव्या हाताशी काउंटर असतो, न्यूट्रोफिल दिसला की एक कळ, लिम्फोसाइट दिसला की दुसरी, आणि शंभर झाले की घंटी वाजते. काम मन लावून केले तरी शंभरच पेशींत योगायोगाला बरीच जागा राहते. शंभरात 12 लिम्फोसाइट सापडले, तर रक्तातील खरे प्रमाण 6 पासून 20 पर्यंत कुठेही असू शकते. हाच फरक भागाकारात गेला की एनएलआर साडेतीनही निघू शकतो आणि चौदाही. पाच भागांत वर्गवारी करणारे यंत्र हजारो पेशी मोजते, त्यामुळे त्याचा आकडा अधिक स्थिर असतो. म्हणून दशांशचिन्हापुढचे 75 मनाला लावून घेऊ नका.

याशिवाय आमच्याकडे आषाढ-श्रावणात येणाऱ्या नमुन्यांची गोष्ट वेगळीच असते. लावणीच्या चिखलातून आलेल्या माणसाला लेप्टो हा जंतुसंसर्ग झाला तर न्यूट्रोफिल आणि सीआरपी भरपूर वाढतात आणि प्लेटलेट उतरतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीच कमी होतात आणि लिम्फोसाइटचे प्रमाण वर जाते, म्हणजे एनएलआर छान दिसतो आणि माणूस मात्र आजारी असतो. आपल्या आत्या शेतात उतरल्या होत्या का? ताप, दाढ सुजणे, लघवीला जळजळ, पायाला जखम असे काही होते का?

केमो चालू असताना एनएलआर कमी दिसला तरी लगेच समाधान मानू नका, हेही आवर्जून लिहितो. न्यूट्रोफिल घसरल्यामुळेही भागाकार कमी येतो, आणि ते धोक्याचे असते. केमोच्या काळात टक्क्यांपेक्षा न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या पाहायची असते. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का, भागिले शंभर. ती संख्या 1000 च्या खाली असेल तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा, आणि अंगात 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
अर्जुनाकाठ, राजापूर

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मार्चच्या अहवालात सीआरपीपुढे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे आहे आणि सामान्य मर्यादा 0.5 पर्यंत लिहिली आहे. राजापूरच्या अहवालात मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि मर्यादा 6. चार महिने मी हे कागद फाइलमध्ये सांभाळतो आहे आणि ती अक्षरे मला एकदाही दिसली नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर डेक्सामेथासोन 4 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस असे आहे. आत्याने 13 तारखेला सकाळची गोळी घेऊन मग रक्त दिले. इंजेक्शन दिलेले नाही. वर्गवारी काचपट्टीवर केल्याचे त्या प्रयोगशाळेत विचारल्यावर कळले.

आत्या यंदा शेतात उतरलेली नाही, ताप नाही. मात्र खालच्या डाव्या दाढेपाशी हिरडी सुजते आणि ती लवंग धरून बसते, हे तिने आज मी खोदून विचारल्यावर सांगितले. ती पूर्वी मिश्री लावत असे. शस्त्रक्रियेपासून तिने ती सोडली आहे.

आणखी एक विचारतो. दाह वाईट आहे असे कळल्यापासून घरात दाह कमी करण्याचे उपाय सुरू झाले आहेत. वहिनी रोज हळद, मिरी आणि अडुळशाचा काढा देते, आणि एका नातेवाइकाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. दाह कमी केला तर रोगाची पुढची चाल बदलते का?

उत्तर 3
पवनचक्कीपाशी, देवगड

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होता आणि आम्हीही दीड वर्ष याच आकड्यांत जगलो, म्हणून लिहितो. वहीत एनएलआरचा आलेख काढत होतो. एकदा आकडा 3 च्या खाली आला तेव्हा घरात गोड केले, आणि पुढच्या महिन्यात 5 झाला तेव्हा आईने दोन दिवस जेवण सोडले. या सगळ्यात वडिलांच्या पॅन्टचा पट्टा दोन भोके आत गेला होता, तो आम्हा कोणाच्या नजरेला पडला नाही. डॉक्टरांनी वजन विचारले तेव्हा आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आपण आत्याचे वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी करा, एवढे कळकळीने सांगतो.

उत्तर 4
वाशिष्ठी, चिपळूण

देवगडकरांनी लिहिलेले सर्वांनी दोनदा वाचावे. अल्ब्युमिन आणि घटणारे वजन या दोन गोष्टी जोडीने जातात, आणि वजन घरच्या काट्यावर कळते.

आपण दिलेल्या माहितीवरून चित्र बरेच स्पष्ट झाले. सीआरपी 28 वरून 11 वर आले आहे, आणि जे 11 उरले आहे त्याला सुजलेली हिरडी पुरेशी आहे. एनएलआरची वाढ स्टेरॉइडच्या दिवशी आणि शंभर पेशींच्या मोजणीत दिसलेली आहे. पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी, म्हणजे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या संपून आठवडा झाल्यावर, जे रक्त घेतात त्यावर पुन्हा पाहा. हिरडीची गोष्ट ऑन्कोलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) फोनवर आजच कळवा. दाढ काढायची झाल्यास सायकलमधला योग्य दिवस तेच सांगतील, कारण पेशी उतरलेल्या असताना दाढ काढली तर जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव दोन्हींची भीती असते.

रोग परत येतो आहे का यावर लक्ष ठेवण्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत. आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ठरावीक अंतराने सीईए ही रक्ततपासणी, सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी करतात. सीईए हा गाठीच्या पेशींतून येणारा पदार्थ आहे, सीआरपी यकृतातून येते. चुलतभावाला हा एवढा फरक जरूर सांगा, कारण दोन्ही आकडे एकाच कागदावर आले की ते एकाच पंगतीला बसवले जातात.

दाह कमी केला तर काय होते, हा आपला प्रश्न मोठमोठ्या संशोधकांनाही पडलेला आहे. 2017 मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाच्या एका चाचणीचे निकाल आले. हे औषध इंटरल्युकिन-1 बीटा हा दाहाचा निरोप अडवते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या 10,061 रुग्णांवर ही चाचणी झाली, आणि औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. त्यावरून मोठी आशा निर्माण झाली. पुढे फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णांनाच ते औषध देऊन पाहिले, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नाही. रोग रुजण्यापूर्वी दाह आवरणे आणि रुजलेल्या रोगात दाह आवरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिवाय सगळा दाह वैरी नसतो. फ्रान्समधील जेरोम गॅलों यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवून दिले की आतड्याच्या गाठीच्या आत लिम्फोसाइट दाटीने शिरलेले असतील तर रुग्ण अधिक चांगला राहतो. गाठीतल्या लिम्फोसाइटची ती गर्दी म्हणजे शरीराची चाललेली लढाई असते, आणि तिला शमवायला आपण कशाला जायचे?

म्हणून काढ्याबद्दल माझे मत असे. आमटीत आणि पिठीत पडते तेवढी हळद चालू द्या. अर्काच्या कॅप्सूल मात्र बंद करा. हळदीच्या अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि आत्याबाईंच्या केमोच्या गोळीचे औषधात रूपांतर करण्याचे काम मुख्यतः यकृतातच सुरू होते. अडुळशाचा काढा द्यायचा असेल तर ऑन्कोलॉजिस्टना विचारून द्या. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी किंवा ॲस्पिरिन दाह उतरवण्यासाठी म्हणून मुळीच देऊ नका. मूत्रपिंड आणि प्लेटलेट दोन्हींवर त्याचा ताण पडतो.

हाती जे आहे ते जेवण. अल्ब्युमिन हे फक्त खाण्याने चढत नाही, दाह असेपर्यंत यकृत ते कमीच बनवते, आणि एकदा बनलेले अल्ब्युमिन रक्तात सुमारे वीस दिवस टिकत असल्याने त्याचा आकडा हळूहळूच हलतो. तरीही स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने द्यावीच लागतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून अधिक आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने असावीत, अशी कर्करोगाच्या रुग्णांसाठी शिफारस आहे. 44 किलोला ते 44 ते 66 ग्रॅम होतात. आपल्याकडे आजारी माणसाला पेज, मीठ आणि लोणच्याची फोड देऊन निजवतात. पेज पोटाला हलकी असते, पण तिच्यात प्रथिने फार थोडी असतात. तिच्यासोबत एक अंडे दिले तर सहा ग्रॅमची भर पडते, आणि बांगड्याचा शंभर ग्रॅम मासा नीट शिजवून दिला तर अठरा-वीस ग्रॅमची. श्रावण पाळत असतील तर कुळथाची पिठी घट्ट करा आणि दोन्ही वेळा दही ठेवा. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, घशालाही गार सोसत नाही, म्हणून दही फ्रिजमधले नको.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
अर्जुनाकाठ, राजापूर

पाचव्या सायकलच्या आदल्या दिवशी, 30 जुलैला, मुंबईत घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला, तो इथे नोंदवतो. एकूण पांढऱ्या पेशी 4,100, न्यूट्रोफिल 55, लिम्फोसाइट 33, यंत्रावर मोजलेले. सीआरपी लिटरमागे 4 मिलिग्रॅम. अल्ब्युमिन 3.7. सीईए मर्यादेत आहे. एनएलआर 1.67 निघतो, पण कुडाळच्या दादांनी बजावल्याप्रमाणे आधी न्यूट्रोफिलची संख्या काढली. ती 2,255 आली. हिरडीसाठी प्रतिजैविक दिले होते, सूज उतरली आहे, दाढेचा निर्णय केमो संपल्यावर घेणार आहेत. वजन 44 किलो 300 ग्रॅम. कॅप्सूल परत केल्या.

उत्तर 5
वाशिष्ठी, चिपळूण

फार बरे वाटले. 1.67 मध्ये केमोने उतरवलेल्या न्यूट्रोफिलचाही वाटा आहे, तेव्हा 6.75 ला जसे फार महत्त्व दिले नाही तसे यालाही देऊ नका. सीईए मर्यादेत आहे आणि वजन टिकले आहे, या दोन गोष्टी घरी आलेल्या पाहुण्यांना आधी सांगा. शस्त्रक्रियेनंतरचा, केमो सुरू होण्यापूर्वीचा एप्रिलचा जो 2.64 आहे, तोच त्यांचा मूळचा आकडा म्हणून वहीत ठेवा. उपचार संपून दोनतीन महिने झाल्यावर, अंगात कोणताही संसर्ग नसताना घेतलेल्या रक्ताची तुलना त्याच्याशी करता येईल.

उत्तर 6
कर्लीखाडी, कुडाळ

वहीत तारखेच्या शेजारी तीन रकाने आखा: केमोचा कितवा दिवस, कोणत्या गोळ्या चालू, आणि अहवालातले एकक. शक्य असेल तर दर वेळी त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
अर्जुनाकाठ, राजापूर

रकाने आखले आहेत. काल आत्या शेजारी येऊन बसली आणि यात काय लिहितोस असे तिने पहिल्यांदाच विचारले. तिला एकेक ओळ वाचून दाखवली. आता दर रविवारी सकाळी वजनाचा आकडा ती स्वतः लिहिणार आहे.